मामा ड्यूटीवर आहे

तंजावूरहून तिरुवैयारूला जाताना पाच नद्या ओलांडाव्या लागतात आणि एक निर्णय घ्यावा लागतो. नद्या वाटेत आपोआप येतात. निर्णय मात्र जुन्या बसस्टँडवरच घ्यायचा असतो: हिरवी बस की लाल बस. दोन्ही बसगाड्या एकाच मालकाच्या. तिकीट तेच, रस्ता तोच, सीटमधून वर आलेली स्प्रिंगसुद्धा त्याच जागी. फरक एवढाच की हिरव्या बसमध्ये फक्त कदिरवनची गाणी लागतात आणि लाल बसमध्ये फक्त तिरुमेनीची. हे दोघे तमिळ सिनेमाचे संगीतकार. दोघेही थोर, दोघेही साठीचे, आणि दोघांचेही भक्त असे की परीक्षेला उशीर झाला तरी चालेल, पण चुकीच्या बसमध्ये पाय ठेवणार नाहीत. कंडियूरची एक बाई बाळंतपणाला निघाली असताना लाल बस सोडून हिरव्या बसची वाट बघत थांबली आणि झालेल्या मुलाचं नाव तिनं कदिरवन ठेवलं, असं हिरव्या बसचे ड्रायव्हर तुळजाजीराव सांगतात. तिला मुलगी झाली, असं लाल बसचे ड्रायव्हर वरुणराव सांगतात.

तुळजाजीरावांचे पूर्वज घोडदळातून या मुलखात आले आणि इथलेच झाले. घोडा ते बस या प्रवासात आपल्या घराण्याचं फारसं काही बिघडलं नाही, असं तुळजाजींचं मत आहे. उलट घोड्यात गाणी लावायची सोय नव्हती. घरी मराठी, रस्त्यावर तमिळ, आणि आरटीओसमोर जमेल तेवढं इंग्रजी, असा त्यांचा कारभार. माणूस सडपातळ, मिशी जाड, बोलणं कमी. नाकावर मात्र माशी बसू देणार नाहीत.

गाणी लावायची त्यांची एक पद्धत होती आणि तिच्यापायी त्यांनी आजवर कितीतरी कंडक्टरांना रडवलं होतं. गाण्यात शब्द सुरू होण्याआधी जे वाजवणं असतं, तिकडचे रसिक ज्याला प्रिल्यूड म्हणतात, ते पुलावर वाजलं पाहिजे. बसची पुढची चाकं पुलावर चढली की वाद्यं सुरू, आणि मागची चाकं उतरली की गाणाऱ्याचा आवाज. वडवारूच्या छोट्या पुलाला छोटं प्रिल्यूड, कावेरीच्या लांब पुलाला लांब. कुठलं गाणं कुठल्या नदीचं हे त्यांनी वर्षानुवर्षं घासून ठरवलं होतं. शब्दांत त्यांना रस नव्हता. शब्द काय, कोणीही लिहितो, असं ते म्हणत. सिनेमाही ते बघत नसत, कारण मध्येमध्ये लोक बोलतात.

वरुणराव हे त्यांच्या थोरल्या बहिणीचे, सरोजाक्काचे, यजमान. माणूस गोल, हसरा, बडबड्या. तिरुमेनीचं गाणं लावून ते स्वतःही गायचे, त्यामुळे लाल बसमध्ये तिकिटात दोन गाणी मिळत. दुपारी दोन्ही बसेस तिरुवैयारूच्या स्टँडवर काही वेळ एकत्र उभ्या राहत आणि तेवढ्यात चहाच्या दुकानात मेहुणे-भावोजींचा वाद रंगत असे. चालींवर बोलून झालं, वाद्यांवर बोलून झालं, कोणी कोणाचं काय चोरलं यावर तर रक्त आटेस्तोवर बोलून झालं. विषय संपत आले, तेव्हा दोघं नम्रतेवर आले.

नम्रतेच्या बाबतीत दोन्ही संगीतकार एकमेकांना हार जाणारे नव्हते. कदिरवन कुठल्याही व्यासपीठावर खुर्चीत बसत नसे, खाली सतरंजीवर बसे. तिरुमेनी अनवाणी हिंडे आणि बक्षीस घेताना देणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता जमिनीकडे बघे. एकदा टीव्हीवर कदिरवन म्हणाला, "तिरुमेनीपुढे मी कोणीच नाही." पुढच्या आठवड्यात तिरुमेनी म्हणाला, "कदिरवनसरांपुढे मी कोणीच नाही असं म्हणायचीही माझी योग्यता नाही." झालं. जास्त कोणीच-नाही कोण, यावरून तंजावूर जिल्ह्यात दोन तट पडले. एका सलूनमधला आरसा फुटला. दोन्ही बाजूंचे लोक म्हणत होते की आमच्या माणसाइतका नम्र माणूस जगात नाही, आणि नाही म्हणणाऱ्याचे दात पाडू.

त्या दुपारी चहाच्या दुकानात वरुणराव म्हणाले, "तुझा कदिरवन खाली बसतो, कां तर कॅमेरा खाली असतो."

"तुमचा तिरुमेनी मान खाली घालतो," तुळजाजी म्हणाले, "कां तर वर बघायला तोंड नाही."

इथवर नेहमीचंच होतं. पण त्या दिवशी उकडत होतं, चहात साखर कमी होती, आणि वरुणरावांची जीभ घसरली. "तूही तसलाच, तुळजा. वरून गरीब गाय. आंत गर्वाचा डोंगर. जन्मांत कधी कोणापुढें वांकलास कां?"

तुळजाजींनी पेला खाली ठेवला. "वांकण्याजोगा माणूस भेटला नाही अजून," ते म्हणाले.

थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, कंडक्टर आणि चहावाल्यादेखत, असं बोलायचं नसतं. वरुणरावांचं हसू मावळलं. ते उठले, लाल बसमध्ये जाऊन बसले आणि वेळ झाली नसताना बस घेऊन गेले. तुळजाजींना शब्द तोंडातून सुटताक्षणी वाईट वाटलं होतं, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्यांनी दुसरा चहा मागवला. तोही बेचव निघाला.

त्यानंतर कित्येक महिने दोघं बोलले नाहीत. रस्त्यात समोरासमोर आले की पूर्वी दिव्यांची उघडझाप व्हायची, ती बंद झाली. कुडमुरुट्टीच्या अरुंद पुलावर आधी कोण शिरतो यावरून तर दोघांनी एकदा दोन्हीकडे लांबलचक रांगा लावून ठेवल्या. हे असंच चाललं असतं आणि कोणाचं फार बिघडलंही नसतं. पण मध्येच कीर्तनाचं लग्न ठरलं.

कीर्तना ही वरुणराव आणि सरोजाक्कांची एकुलती एक मुलगी. तुळजाजींना मूलबाळ नव्हतं. लहानपणी ती शाळा सुटली की मामाच्या बसमध्ये ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर बसून तिरुवैयारू-तंजावूर-तिरुवैयारू करायची. इंजिनाच्या उबेनं झोपून जायची, तेव्हा तुळजाजी खड्डे चुकवत चालवायचे आणि उतारूंनी कुरकुर केली तर ऐकू आलं नाही असं दाखवायचे. मुलगी मुत्सद्दी होती. मामाच्या बसमध्ये कदिरवन तिला फार आवडायचा आणि बापाच्या बसमध्ये तिरुमेनी. आता ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होती आणि अजूनही कोणाचं खरं हे तिनं सांगितलेलं नव्हतं.

आता लग्नात मामाचं काय काम असतं हे सांगायला हवं. यांच्या घराण्यात नवरी मामाचा हात धरून बोहल्याकडे येते, ही रीत पूर्वजांनी येताना आणलेली. शिवाय इतकी वर्षं या मुलखात राहिल्यामुळे इथलीही एक रीत अंगवळणी पडली आहे: हार घालायच्या वेळी मामा नवरीला खांद्यावर उचलून घेतो. दोन्ही प्रांतांनी मिळून सगळं ओझं मामावरच टाकलेलं आहे, आणि मामा होणारा प्रत्येक माणूस ते मिरवतो. बॉनेटवर बसणाऱ्या त्या चिमुरडीला तुळजाजींनी कितीदा सांगितलं होतं, "तुज मीच उचलणार. म्हणून फार भात खाऊं नको."

पण मामाला बोलावण्याचीही रीत आहे. कुलदेवतेपुढे पहिली पत्रिका, आणि दुसरी मामाला. ती नवरीच्या आईबापांनी दोघांनी मिळून न्यायची. तबकात विड्याची पानं, सुपारी, कुंकू, अक्षता, बापानं मामाच्या कपाळाला कुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवायच्या आणि तोंडानं म्हणायचं, "मामा, सहकुटुंब यायचं." बाप बोलला नाही तर बोलावणं पोचलं नाही.

सरोजाक्का तबक घेऊन आल्या, पण एकट्याच.

"भावोजी कुठें?" तुळजाजींनी विचारलं.

"ड्यूटीवर."

"ड्यूटी संपल्यावर येऊं देत. मी कुठें जात नाही."

"तुळजा, मी आलें तें पुरें नाही कां?"

"अक्का, तुझें येणें घरचें. मामाचें बोलावणें निराळें."

सरोजाक्कांनी तबक दुसऱ्या हातात घेतलं. "तुझे भावोजी म्हणतात, तुळजानें आधीं येऊन चुकलों म्हणावें. तू म्हणतोस, त्यांनीं तबक घेऊन यावें. दोघेही नम्रतेचे शिष्य." मग त्यांनी तबक देवापुढे ठेवलं आणि कॉफी न पिता उठल्या. भावाच्या घरून त्या कॉफी न पिता कधीच गेल्या नव्हत्या. तुळजाजींची बायको, अंबुजाबाई, डवऱ्यातली, म्हणजे खोलगट वाटीतली, कॉफी हातात धरून दारात उभी होती. "भांडण तुमचें," ती म्हणाली. "भाची माझीही. मी जाणार." आणि ती कॉफी तिनं स्वतः पिऊन टाकली.

खरं सांगायचं तर बहीण दारात दिसली तेव्हाच तुळजाजींना तिच्या हातून तबक घ्यावंसं वाटलं होतं. पण त्या चहाच्या दुकानातलं वाक्य आडवं आलं. एकदा माणूस 'वाकणार नाही' म्हणून बसला की त्याला सरळ उभं राहायचा पहारा चोवीस तास करावा लागतो. पुढे त्यांच्या कानावर आलं की मामा आला नाही तर चुलतमामा सत्यनारायण उचलणार आहे. हा सत्यनारायण झेरॉक्सचं दुकान चालवतो आणि त्याचे खांदे अप्पळासारखे, म्हणजे पापडासारखे, आहेत. हे कळल्यापासून तुळजाजींचं जेवण सुटलं. रस्त्यात हमालाच्या पाठीवर तांदळाचं पोतं दिसलं तरी त्यांना सत्यनारायण कीर्तनाला पाडताना दिसे.

घोडं असं अडलेलं असताना लाल बस फिटनेस सर्टिफिकेटसाठी वर्कशॉपमध्ये गेली. मालकानं वरुणरावांना शब्द दिलेला होता की वऱ्हाड तंजावूरहून तिरुवैयारूच्या कल्याणमंडपात नेण्यासाठी बस फुकट देईन. आता देण्यासारखी बस एकच उरली, हिरवी. मालक तुळजाजींना म्हणाला, "तुम्हाला अवघड होत असेल तर दुसरा ड्रायव्हर पाठवतो."

"माझी बस दुसऱ्याच्या हातांत देत नाही," तुळजाजी म्हणाले.

"म्हणजे लग्नाला जाणार?"

"लग्नाला नाही. ड्यूटीला."

मालक व्यवहारी माणूस होता. त्यानं वऱ्हाडाची वेळ सांगितली.

लग्नाच्या आदल्या दुपारी तुळजाजी बसस्टँडमागच्या मोबाइलच्या दुकानात गेले. आधी त्यांनी एक चार्जर बघितला. मग मोबाइलची कव्हरं बघितली. दुकानातली दोन गिऱ्हाइकं निघून गेल्यावर ते काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "तिरुमेनीची गाणी आहेत?"

दुकानदार त्यांना ओळखत होता. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग बाहेर उभ्या हिरव्या बसकडे पाहिलं. "कोणासाठी?" त्यानं विचारलं.

"ओळखीचा एक आहे."

"किती जुना आजार?"

"तू पेनड्राइव्ह भर," तुळजाजी म्हणाले.

त्याचं असं झालं होतं की रात्रंदिवस विचार करून तुळजाजींना एक वाट सापडली होती. तोंडानं चुकलो म्हणणं त्यांना जमणार नव्हतं, ते त्यांना ठाऊक होतं. पण नवरीच्या बापाच्या दारात हिरवी बस तिरुमेनीचं गाणं वाजवत आली, तर ते ऐकून भावोजींना जे समजायचं ते समजेल. बाकीच्यांना काही कळायचं कारण नव्हतं. हिरव्या बसमध्ये तिरुमेनी वाजणं म्हणजे काय, हे जगात एकाच माणसाला नीट कळणार होतं, आणि त्याला कळलं की पुरे.

त्यांनी बस चिंचेच्या झाडाखाली लावली, काचा वर ओढल्या आणि घामाघूम होत एकेक गाणं लावून पाहिलं. त्यांच्या पद्धतीप्रमाणे प्रिल्यूड ऐकायचं, मनात कावेरीचा पूल ओलांडायचा, आणि गाणारा तोंड उघडणार तोच पुढचं लावायचं. बहुतेक गाणी पुलाला आखूड पडली. मग एक लागलं. सुरुवातीला नादस्वर, मागून तविलचा ढोल, मग बासऱ्या, आणि ते सगळं चढत चढत जात होतं. पूल बरोबर मापात बसत होता. नादस्वर म्हणजे सनईचा थोरला भाऊ, मंगल वाद्य, लग्नाला याहून योग्य काय असणार! तुळजाजींनी ते पुन्हा लावलं आणि वाजवणं संपेस्तोवर ऐकलं. तिरुमेनी इतका वाईट नाही, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी चटकन इकडेतिकडे बघितलं.

आता हे गाणं कुठलं, ते सांगितलं पाहिजे. तिरुमेनीच्या एका फार गाजलेल्या चित्रपटात लग्नाची मिरवणूक वाजतगाजत निघते, आणि ती वळणावर येते तो समोरून नवऱ्या मुलाचीच तिरडी येते. तिथे वाद्यं थांबतात आणि गाणं सुरू होतं. "चौघांच्या खांद्यावर निघालास, माझ्या राजा," असे त्याचे शब्द. तमिळ मुलखात असं एक गाव नाही जिथे मयताच्या दारात हे गाणं कर्ण्यावर लागलेलं नाही. पण तिथे ते थेट शब्दांपासून लावतात. नादस्वराची सुरुवात फक्त चित्रपटात आहे, आणि तुळजाजी चित्रपट बघत नसत.

सकाळी ते खाकी युनिफॉर्म घालून बसमध्ये चढले. सीटमागे एक पिशवी होती. आत जरीकाठी वेष्टी, म्हणजे धोतर, आणि अंगवस्त्र. अंबुजाबाई आदल्या संध्याकाळीच मंडपात गेली होती, जाताना तिनं ठेवली असावी. त्यांनी पिशवी होती तिथेच राहू दिली.

वऱ्हाड चढलं. मुलाकडच्या मंडळींत पुढच्या सीटवर सीतारामराव बसले. हे नवऱ्या मुलाचे थोरले काका, पंचायत ऑफिसातून निवृत्त, आणि अपशकुन ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता. निघताना मांजर दिसलं म्हणून त्यांनी बस थोडी थांबवली. वडवारू गेला, वेण्णारू गेला, वेट्टारू, कुडमुरुट्टी. तुळजाजींनी काही लावलं नाही. उतारू म्हणाले, ड्रायव्हर रुक्ष दिसतो. मग कावेरीचा पूल आला. पुढची चाकं पुलावर चढली आणि त्यांनी बटण दाबलं.

नादस्वर सुरू झाला. बसमधल्या बायका सावरून बसल्या, कोणी तरी गजरा नीट केला. सीतारामरावांनीही मान हलवली. पुलाच्या मध्यावर समोरून उसाची लॉरी आली, दोन्ही बाजूंना ऊस बाहेर आलेला. तुळजाजींना वेग कमी करावा लागला. गाण्याला वेग कमी करता येईना. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे लॉरीच्या चाकावर, डावीकडे कठडा. कंडक्टर मागे नवऱ्याच्या मित्रांबरोबर फोटो काढत होता. अशा वेळी वाद्यं थांबली आणि गाणाऱ्यानं तोंड उघडलं.

पहिल्याच शब्दाला तुळजाजींनी गाणं ओळखलं. गेल्याच महिन्यात शेजारचे आजोबा वारले, तेव्हा दिवसभर तेच लागलं होतं. बसमधल्या बायकांचे हात गजऱ्यावरच राहिले. लॉरी संपेना. "चौघांच्या खांद्यावर" दोनदा झालं, कारण पालुपद दोनदा आहे. नवऱ्या मुलाच्या आजीनं डोळ्याला पदर लावला. शेवटी लॉरी गेली, तुळजाजींचा हात सुटला आणि त्यांनी बटण नव्हे तर वायरच उपटली.

मंडप पुलापासून जवळच होता. दारात वरुणराव पंचा खांद्यावर टाकून, कुंकू-अक्षतांचं तबक हातात धरून वऱ्हाडाच्या स्वागताला उभे होते. शेजारी सरोजाक्का. बस थांबण्याआधीच सीतारामराव खाली उतरले. "हा काय प्रकार?" ते ओरडले. "माझ्या पुतण्याला बोहल्यावर नेता की स्मशानात? तिरुमेनीचं मयताचं गाणं लावतो तुमचा ड्रायव्हर! आम्ही परत जातो."

"तिरुमेनीचं?" वरुणराव म्हणाले.

"मग कोणाचं? सुरुवातीच्या नादस्वरासकट!"

वरुणरावांनी मान वळवून बसकडे पाहिलं. बस हिरवीच होती. काचेमागे खाकीतले तुळजाजी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते, जणू पुढे अजून रस्ता आहे. त्यांचे कान लाल झाले होते. लहानपणापासून लाज वाटली की त्यांचे कान लाल होतात, हे सरोजाक्कांना माहीत होतं आणि म्हणून वरुणरावांनाही.

आयुष्यभर ज्याच्या नावाचा सूर या माणसानं आपल्या बसमध्ये शिरू दिला नाही, त्याचं गाणं आज तो माझ्या दारात घेऊन आला. बाकी सगळ्यांनी तिरडी ऐकली. वरुणरावांना मेहुणा वाकल्याचं ऐकू आलं.

"काका," ते सीतारामरावांना म्हणाले, "ड्रायव्हरची चूक नाही. तें गाणें मीच लावायला सांगितलें होतें. मज तिरुमेनीचें वेड. नादस्वर ऐकला, पुढचें लक्षांत आलें नाही. चूक माझी." आणि सगळ्या वऱ्हाडासमोर त्यांनी वाकून सीतारामरावांचे पाय धरले. मुलीच्या बापानं पाय धरल्यावर कुठलाही वरपक्ष परत जाऊ शकत नाही. शिवाय आतून तुपाचा वास येत होता. आजीनं नारळ ओवाळून फोडायला लावला आणि मंडळी कुरकुरत आत गेली.

वरुणराव तबक घेऊन बसकडे वळले आणि ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभे राहिले. खिडकी उंच, वरुणराव बुटके. त्यांना हात पूर्ण वर करावे लागले.

"मामा," ते म्हणाले, "सहकुटुंब यायचें."

तुळजाजी अजून समोरच बघत होते. "कार्य कधीं आहे?"

"आज."

"मुहूर्त?"

"आलाच."

"बघतों," तुळजाजी म्हणाले. "ड्यूटी आहे." त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आणि वरुणरावांचा हात पोचेना म्हणून ते वाकले, आणखी वाकले, अर्धे बाहेर आले, तेव्हा कुठे कपाळाला कुंकू लागलं. "भावोजी," त्या अवस्थेतच ते म्हणाले, "त्या दिवशीं मी बोललों तें बरें नव्हतें."

"सत्यनारायणनें वेष्टी कंबरेस घट्ट बांधून ठेवली आहे," वरुणराव म्हणाले. "लौकर उतर, नाहीतर पोर पडेल."

तुळजाजींनी बसमध्येच खाकी उतरवून वेष्टी नेसली. घाईत अंगवस्त्र उलटं घेतलं गेलं. कीर्तनाला त्यांनी हाताला धरून बोहल्याकडे आणलं आणि हाराच्या वेळी खांद्यावर उचललं. ती काही आता बॉनेटवरची राहिली नव्हती. त्यांच्या गुडघ्यांनी तसं स्पष्ट कळवलं. तिनं एका हातानं त्यांचं डोकं घट्ट धरलं होतं.

"मामा," ती वरून हळूच म्हणाली, "मज वाटलें, तूं येत नाहीस."

तुळजाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. त्यांनी तसंच वाहू दिलं.

पुढच्या आठवड्यात लाल बस वर्कशॉपमधून सुटून रस्त्यावर आली. दुपारी कुडमुरुट्टीच्या पुलावर दोन्ही बसेस समोरासमोर आल्या. वरुणराव आधी पोचले होते, पण ते पुलाच्या अलीकडे थांबले आणि त्यांनी दिव्यांची उघडझाप केली. तुळजाजी पूल ओलांडून लाल बसच्या शेजारून गेले, तेव्हा लाल बसमध्ये कदिरवन वाजत होता. उतारूंचे चेहरे दुखवट्याचे होते आणि वरुणराव गात होते.

पण गाणं त्यांनी पुलाच्या कितीतरी आधी लावलं होतं. बस अजून या काठावर उभी, आणि शब्द सुरूसुद्धा झालेले. असं कुठे लावतात का! तुळजाजी दिवसभर त्यावर धुमसत राहिले, आणि संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर, कोणीही बोलावलेलं नसताना, ते सांगायला अक्काच्या घरी गेले.